दीड झाकण

निळं झाकण सदऱ्याच्या खिशात राहून गेलं होतं, आणि ओसरीवर बसल्या बसल्या दत्तराव गुरुजींचं बोट त्याच्या कडेवरून फिरत होतं... दुकानदारानं फवारणीच्या एका पंपाला एक झाकण औषध सांगितलं होतं, त्यांनी दीड टाकलं, कापसावरची अळी हटेना म्हणून. आणि काल संध्याकाळी नळाला पाणी नव्हतं म्हणून तोच पंप नदीच्या डोहात तीनदा खळखळून धुतला – सगळेच धुतात, मी काय वेगळं केलं?

समोर धुरपताबाई भोईण टोपली टेकवून उभी होती. तिच्या गोपाळला गुरुजींनी दहावीपर्यंत शिकवलं, तेव्हापासून पहिले मासे ह्या घरी द्यायचे, हा शिरस्ता तिनं आपणहून लावून घेतला होता.

"आज जाळं टाकावंच लागलं न्हाई, गुरुजी. मासे नुसते काठाला येऊन लोळायलेत."

पळसाच्या पानावर तिनं चार मासे ठेवले. त्यातल्या एकाचे कल्ले अजून हलत होते. बाकीचे बोरीच्या बाजारात न्यायचे, म्हणाली. पाण्याला वास होता का, हे त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हाय की थोडा. कोणीतरी पंप धुतला असंल. म्या लय धुऊन घेतलेत."

"लोकांना अक्कल नाही," दत्तराव म्हणाले. वर्गातल्या आवाजात म्हणाले, आणि त्या आवाजाची त्यांना शिसारी आली.

ह्याच गोपाळनं एकदा शाळेच्या पिण्याच्या पाण्याच्या घागरीत पाटी बुडवली होती. कोणी केलं ते कळेपर्यंत त्यांनी सगळा वर्ग उभा ठेवला होता, आणि नऊ वर्षांचं ते पोर शेवटी पुढं येऊन म्हणालं होतं, मी केलं गुरुजी... एवढंसं पोर. आणि मी? ते मासे कोणाच्या पोटात जातील ह्यापेक्षा ही बाई मला उद्या गुरुजी म्हणेल का, हीच मला काळजी – लाज वाटली, कान तापले.

धुरपताबाई टोपली डोक्यावर घेऊन फाटकापर्यंत गेली.

"धुरपता, थांब."

ती वळली. बस चुकेल म्हणून घाईत होती, तरी थांबली. गुरुजींनी थांब म्हटलं की तिच्या घरातलं कोणीही थांबायचं.

"काय गुरुजी?"

खिशातलं झाकण मुठीत घट्ट धरून दत्तराव उठले. उत्तर देईपर्यंत खाली बसायचं नाही, असं ते पोरांना सांगत. ते उभे राहिले.