राहिलेलं लगीन

सुकाच्या हनुवटीच्या पांढऱ्या खुंटांत पेजेचं एक शीत अडकलं होतं आणि ते पुसायला नवसीचा हात पुढे होत नव्हता. तो गिळायचा तेव्हा ते खालीवर व्हायचं, खोकला आला की थरथरायचं, पण पडायचं नाही. एरवी तिनं ते पदराच्या टोकानं केव्हाच उचललं असतं. होळीच्या आधीपासून ती हेच तर करत होती — पुसणं, उठवणं, बसवणं, पुन्हा निजवणं... पण आज उठल्याउठल्या त्यानं जे विचारलं ते अजून दोघांच्या मधे बसून होतं, आणि त्याला ओलांडून हात न्यायचा तिला धीर नव्हता.

"लाडकीला काय सांगू?" एवढंच तो म्हणाला होता.

लाडकी म्हणजे धवलेरी, पाड्यावरची लग्नं गाणी म्हणून लावणारी. काल सांजेला ओट्यावर बसून तिनं तंबाखू चोळली आणि सरळ सांगितलं, "चैत सरायचे आत हळद लावून घ्या. तुमच्यापायी पोराचं अडलाय."

पोराचं अडलं होतं हे खरंच. चिंतू तारापूरच्या बांधकामावर दगडमाती वाहत होता आणि वैतरण्याकडची एक पोर त्याच्या मनात भरली होती. पोरीचा बाप रीतसर लग्नाला अडून बसलेला. आणि आईबापाचंच लगीन राहिलेलं, तर पोराचं कसं लागणार? यात लाजण्यासारखं काही नव्हतं, निम्म्या पाड्याचं असंच होतं. नवसी सुकाच्या घरी आली ती भात झोडायच्या दिवसांत, आपल्या पायांनी, डोक्यावर एक टोपली घेऊन. पुढच्या वर्षी करू म्हणाले, तर पुढच्या वर्षी बैल मेला. मग चिंतू झाला, मग चिंतू चालायला लागला, आणि मग कोणाला आठवणच राहिली नाही. कुणाच्या लग्नात ती भात वाढायला उभी राहिली की बाया चिडवायच्या, "आमची नवरी अजून कोवळीच हाय गे." तीही हसायची. भिंतीवर देवीचा चौक लिहायला मात्र हळद लागलेल्याच बाया बसत. नवसी रंगासाठी तांदूळ वाटून द्यायची आणि मागं सरायची. त्याचं तिला काही वाटत नव्हतं, असं ती स्वतःला सांगायची.

सुकाला टेकवून बसवून ती राबावर गेली. भाताचं रोप जिथं टाकायचं तो तुकडा आधी भाजून काढायचा. त्यासाठी शेणाचा थर, वर टहाळ, वर सुक्या पानांचा पातेरा, वर माती. दर वर्षी सुका पसरायचा आणि ती माती टाकायची. या वर्षी दोन्ही तिलाच. मोहाची फुलं रात्रभर गळून त्यांचा गोड, डोक्यात चढणारा वास सगळीकडे भरला होता, सावरीला एक पान नव्हतं पण लालभडक फुलं होती... सगळं रान असं अंगावर येत असताना घरात माणूस झिजत जातो याचा तिला राग आला. कोणाचा ते कळेना, म्हणून तिनं तो टहाळांवर काढला.

लाडकीला तिनं सांगितलं होतं, बरा होऊ दे, मग बघू. ते खोटं होतं. खरं असं होतं की हळद लागली नाही तोवर ती त्याची बायको नव्हती, आणि जी बायकोच नाही तिच्या बांगड्या कोण फोडणार? मरण दारात आलंच, तर त्याला या घरात मोडायला काही सापडायला नको. पोरकट विचार होता. तिला ते कळत होतं, आणि तरी तो विचार ती मुठीत धरून होती.

पण त्याच्याही खाली आणखी काही होतं, आणि ते ती मोहाखाली फुलं वेचायला वाकली तेव्हा वर आलं. तिला कोणी बांधलं नव्हतं. रोज सकाळी उठून, वाट मोकळी असताना, ती राहिली होती. मी राहिले — मला कोणी ठेवलं नाही. हे तिचं एकटीचं होतं, याच्यावर ती पाड्यात ताठ मानेनं वावरली होती. आता याचं हगणंमुतणं काढते तेही आपल्या मर्जीनं. उद्या हळद लागली की ते नुसतं काम होईल... बायकोनं करायचंच असतं ते.

ऊन तापल्यावर ती परतली, तर सुका दारात. भिंतीला धरून, फरफटत आलेला, छाती भात्यासारखी वरखाली.

"कशाला उठलास?"

"राबात दिसली नाय तू."

"मोहाखाली व्हते. कुठं जानार मी?"

तिनं टोपली खाली ठेवली आणि मग, इतके दिवस गिळलेलं एकदाचं विचारून टाकलं. "चिंतूचा काय, तो पोरीला पलवून बी आनील. लगनाची घाई तुला कशाला?"

सुजलेली पावलं पुढे करून तो उंबऱ्यावर टेकला.

"त्या वर्सी तू बेटेगावला गेलतीस," तो म्हणाला. "चिंचेखाली बसलीस. मी पाठी व्हतो."

चिंतू व्हायच्या आधीचं ते. ताडी पिऊन यानं पेजेचं मडकं लाथाडलं होतं, आणि ती टोपली घेऊन निघाली ती परत न यायलाच. बेटेगावच्या चिंचेखाली उन्हं कलेस्तोवर बसली. मग उठली आणि आली. कुठं गेली होतीस, असं त्यानं कधी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

"हाक नाय मारलीस?"

"नाय मारली. तू आपली उठलीस." त्याला ढास लागली, ती निवेपर्यंत तो थांबला. "आता मला पाठी येता नाय येनार, नवसे."

तिला रागावायचं होतं. म्हणजे मला बांधायला हळद हवी याला, असं एक वाक्य तिच्या ओठाशी आलंही. पण त्याच्या आधी दुसरंच काही येऊन उभं राहिलं — त्या सांजेला ती घरात शिरली तेव्हा हा चुलीपाशी फुंकत बसला होता, धापा टाकत, पोटऱ्या करवंदीच्या काट्यांनी ओरबाडलेल्या, आणि आजही पिऊनच आला असं समजून तिनं तोंड फिरवलं होतं. ओहोळातून, आडवाटेनं, तिच्या आधी पोचायला धावला असेल. इतकी वर्षं जे परत येणं तिनं आपलं एकटीचं म्हणून जपलं, त्यात हा होता. काट्यांतून होता. तिला लुबाडल्यासारखं वाटलं, आणि लगेच, तितकंच, भरून आलं. यातलं खरं कोणतं ते ठरेना.

"पानी आनते," ती म्हणाली. हळदीचं ना हो म्हणाली, ना नाही.

ओहोळाची वाट पातेऱ्यानं भरली होती. पाय पडेल तिथं चुरचुर वाजत होती. अर्ध्यावर ती थांबली. चुरचुरही थांबली. तिनं मागं वळून पाहिलं — वाटेवर कोणी नव्हतं, वर घरातून खोकला तेवढा येत होता, बारीक, तुटक. तो शमेपर्यंत ती घडा कमरेवर घेऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत एकटीनं चालणं म्हणजे काय ते आपल्याला अजून ठाऊकच नाही, असं तिला वाटलं. आणि त्या वाटेवर तिला पहिल्यांदाच भीती वाटली.