नात्याचा रकाना

माणसांवर विश्वास बसायला मला वेळ लागतो, आणि माणसांनी भरून दिलेल्या कागदांवर तर तो बसतच नाही. शाळेत सगळे मला पाठीमागे ‘भिंगबाई’ म्हणतात. म्हणू देत. मी ग्रंथपाल आहे, आणि ग्रंथपालाला कामच काय असतं, असा विचार करून मुख्याध्यापकांनी डिप्लोमाच्या वह्या माझ्या गळ्यात बांधल्या, त्याला आता सहा वर्षं झाली.

शेवटच्या दोन वर्षांच्या या डिप्लोमाला नुसते गुण पुरत नाहीत. खेळ, कला वगैरे असतंच, शिवाय प्रत्येक मुलाने पन्नास तास कुणाची तरी सेवा करायची आणि ती वहीत नोंदवायची: तारीख, काय केलं, काय शिकलो, पुरावा, आणि देखरेख करणाऱ्याची सही. पन्नासला एक तास कमी पडला तरी डिप्लोमा नाही, मग परीक्षेत पहिला का येईना. त्यामुळे मुलं सेवा करायच्या आधी वही भरायला शिकतात. एकाने दोनशे झाडं लावल्याचा फोटो चिकटवला होता, त्यात त्याचे बूट दुधासारखे पांढरे होते. दुसऱ्याने चाळीस तास मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसून काढले आणि ‘व्यापाऱ्यांची सेवा’ असं लिहून मोकळा झाला.

त्या मामाच्या भाच्यामुळे मी वहीत सातवा रकाना घातला: सेवा घेणाऱ्याशी नातं. नातं निघालं तर तास शून्य, आणि तसं पत्र कारणासह घरी. हा रकाना मुलांनी भरायचा नाही, ज्याची सेवा केली त्याने स्वतःच्या हाताने भरून खाली सही करायची, आणि त्याखाली तपासणारी म्हणून मी. हा नियम माझा, आणि मला त्याचा अभिमान होता.

यंदा माझी नजर अडकली ती एका मुलीच्या वहीवर. वर्गातली मुलं तिला ‘पाऊण’ म्हणत, उंचीमुळे. कधी कुणाशी भांडण नाही, कधी उशीर नाही, आणि अशा मुलांबद्दल मला पहिल्यापासून शंका येते. वहीत चव्वेचाळीस तास झाले होते. दर बुधवारी चार ते सहा, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एका आजींकडे. बावीस बुधवार, बावीस सह्या, आणि ओळीने आठ-आठ सह्या एकाच पेनाच्या, एकाच दमात केलेल्या. फोटो चार, चारही फोटोंत नुसते हात. बाकीची मुलं वृद्धांच्या गळ्यात पडून दात दाखवतात, आणि ही चेहराच दाखवत नव्हती. ‘काय शिकले’ या रकान्यात इतर मुलं समाजाचं भान वगैरे आणतात. हिने लिहिलं होतं, ‘नखं कापण्याआधी पाय कोमट पाण्यात ठेवावेत.’ इतकं कमी लिहिणारा एकतर खरा असतो नाहीतर फार हुशार असतो, आणि माझा कल नेहमी दुसऱ्या बाजूला जातो.

सातवा रकाना कोरा होता. दोन महिन्यांपूर्वी विचारलं होतं तेव्हा म्हणाली, आजींचा चष्मा हरवलाय. महिन्याभराने विचारलं तर चष्मा दुरुस्तीला दिलाय. हरवलेला चष्मा दुरुस्तीला कसा जातो, हे मी तिला विचारलं नाही. दोरी जरा सैल सोडावी, असा माझा अनुभव आहे.

त्यातच तिचे वडील शाळेत आले. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, हाताला तेलाचा वास, बोलणं मोजून मापून. दर बुधवारी पोरगी उशिरा येते आणि खुशीत येते, म्हणाले, आणि शाळेच्या कामातून कुणी खुशीत परत आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांचा संशय कुठल्यातरी मुलावर होता, हे न सांगताही कळत होतं. खरं सांगायचं तर माझाही होता. पण समोरच्याने माझ्या वहीवर शंका घेतली की मला ते खपत नाही. मी म्हणून गेले की वही माझ्या हातून जाते, तेव्हा बुधवारची जबाबदारी माझी. ते तेवढ्यावर उठून गेले, आणि मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

आधी मी सह्या करणाऱ्या नर्सबाईंना फोन केला. त्या घरोघरी जाऊन एकट्या म्हाताऱ्यांची औषधं बघतात, आणि मुलांना घरं वाटून देणारी यादीही त्यांच्याकडेच असते. सगळ्या सह्या एका पेनाच्या कशा, असं विचारल्यावर त्यांनी मला धुऊन काढलं. मुलं आली का ते त्या म्हाताऱ्यांनाच विचारतात आणि महिना-दोन महिन्यांनी सगळ्या वह्यांवर एकदम सह्या करतात. दर बुधवारी पेन घेऊन जिन्यात उभी राहू का, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. उत्तर पटण्यासारखं होतं. माझ्या मनातली पाल तरी चुकचुकत राहिली.

मग त्याच आठवड्यात बुधवारी साडेचारला मी न सांगता तिथे पोचले. जिना नुकताच पुसलेला, तिसऱ्या मजल्यावर दार अर्धवट उघडं. मी आधी आत डोकावले, लाज सोडून. खुर्चीत एक सडसडीत म्हातारी बसली होती, पाय पातेल्यातल्या पाण्यात, आणि पाऊण खाली स्टुलावर बसून तिचा एक पाय मांडीवर घेऊन पुसत होती. दोघी काही बोलत नव्हत्या. मुलगी खोटी नव्हती, त्या दिवशीचे धरून शेहेचाळीसच्या शेहेचाळीस तास खरे होते, आणि सांगायला संकोच वाटतो, पण माझी थोडी निराशा झाली.

मला बघून पोरीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मी म्हटलं, शाळेतून तपासायला आलेय. म्हातारी म्हणाली की तपासा खुशाल, पण आधी दुसरा पाय होऊ द्या. मी पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले. आता तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण खोड जात नाही. भिंतीवर नर्सबाईंनी लावलेला गोळ्यांचा तक्ता होता, वर आजींचं पूर्ण नाव. आडनाव असं की अख्ख्या शहरात दुसरं घर सापडू नये. तेच आडनाव माझ्या हातातल्या वहीवर होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला ग्रंथालयात बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“कोण तुझ्या त्या?”

“बाबांची आई.” तिने आढेवेढे घेतले नाहीत.

बाकीचं मी एकेक विचारून काढलं. बापाने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं, आणि नव्या सुनेला घेऊन तो दारात आला तेव्हा म्हातारीने दार लावून घेतलं. तोही परत कधी ते वाजवायला गेला नाही. अठरा वर्षं झाली. घरात आजीचं नाव निघालं की बाप ताटावरून उठतो. पोरीला माहीत होतं ते एवढंच. मग सेवेसाठी नर्सबाईंच्या यादीवर बोट फिरवताना तिला आपलंच आडनाव दिसलं.

“घरी न विचारता आजीकडे गेलीस?”

“मी आजीकडे गेलेच नाही, मॅडम. मी सेवेला गेले. सेवेला बाबा नाही म्हणत नाहीत.”

“आणि त्यांना? त्यांना माहीत आहे तू कोण ते?”

“नाही. मी आडनाव सांगितलंच नाही. कळलं तर त्या परत दार लावतील.” मग लगेच म्हणाली, “माझे तास कापा, मॅडम. फक्त घरी कळवू नका.”

ते तिला वाटत होतं तितकं सोपं नव्हतं. तास कापले की कारणासह पत्र घरी जाणार, डिप्लोमा जाणार, आणि पुढचा प्रवेश त्यावर अवलंबून. नाही कापले तर सातव्या रकान्यात खोटं, आणि त्याखाली माझी सही. वह्या पाठवायला पंधरा-सोळा दिवस उरले होते. सहा वर्षं मी लोकांच्या खोट्या सह्या पकडल्या, एकही सुटू दिली नाही. त्या आठवड्यात मला पोरीचा राग आला, बापाचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या मामाच्या भाच्याचा आला.

सोमवारी मी एकटीच म्हातारीकडे गेले. काय करायचं ते ठरलं नव्हतं. मनात होतं की वही समोर ठेवावी, ती बिचारी अजाणतेपणी ‘काही नाही’ असं लिहील, म्हणजे खोटं कुणीच बोललं नाही असं होईल. पळवाट शोधायची वेळ आली की माझंही डोकं मुलांइतकंच चालतं.

म्हातारीने चष्मा लावला. चष्मा धडधाकट होता. तिने वही पहिल्या पानापासून वाचली, सावकाश, आणि सातव्या रकान्यापाशी थांबली.

“इथे काही लिहिलं तर काय होतं?”

मी नियम सांगितला. नातं असेल तर तास शून्य, डिप्लोमा नाही, घरी पत्र. ती ऐकत होती, आणि मला कळून चुकलं की हिला माहीत आहे. मी तसं विचारलं.

“पहिल्याच दिवशी,” ती म्हणाली. “दार उघडलं तर माझा मुलगाच उभा. पंधरा-सोळा वर्षांचा, फक्त वेणी घातलेला.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? दार मी लावलं होतं. बोलले असते तर तिला मला माफ करावं लागलं असतं, नाहीतर माझ्याशी भांडावं लागलं असतं. नखं कापायला दोन्हीची गरज पडत नाही.”

तिने वहीतली बेरीज बोटाने खालपर्यंत तपासली आणि विचारलं, पन्नास झाल्यावर काय. मी म्हटलं, पन्नास झाल्यावर काही नाही, काम संपलं. मग दर बुधवारी यायचं कारण उरत नाही का, तिने विचारलं. नाही उरत, मी म्हटलं. परीक्षा संपली की ती शिकायला बाहेरगावी जाईल. तोवरही घरी सांगायला तिच्याकडे दुसरं निमित्त नाही.

“म्हणजे अजून चार तास. दोन बुधवार.”

तेव्हा मी ते केलं जे मी कुणी करताना पकडलं असतं तर त्याला उभं सोललं असतं. मी म्हटलं, मला तास कमी धरता येतील. एका पेनाच्या सह्या आहेत, दहा-बारा तासांवर मी शंका काढू शकते. वही उशिरा पाठवायची परवानगी मुख्याध्यापकांकडून आणते. तेवढेच पाच-सहा बुधवार जास्तीचे मिळतील, आणि कुणाला संशय येणार नाही.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, ती आता माझ्याही तोंडावर दार लावणार.

“पोरीच्या वहीत खोट काढायची नाही,” ती म्हणाली. “ती प्रत्येक वेळी आली आहे. पावसात आली, ताप असताना आली. काय खोटं लिहायचं असेल ते मी लिहीन.”

तिने माझं पेन मागून घेतलं. सातव्या रकान्यात ‘काही नाही’ हे दोन शब्द तिने शाळकरी मुलीसारख्या गोल अक्षरांत लिहिले. मग सहीच्या जागेवर पेन टेकवलं आणि थांबली. मला उशिरा लक्षात आलं: आडनाव. वहीच्या वरच्या पानावर तेच, खालीही तेच, माझ्यानंतर वही बघणारा कितीही आंधळा असला तरी त्याला दिसणार.

तिच्या ते माझ्या आधीच लक्षात आलं होतं. तिने स्वतःचं नाव लिहिलं, आणि त्यापुढे माहेरचं आडनाव. लग्नानंतर साठएक वर्षांत त्या नावाने सही केली नसावी, कारण मधल्या एका अक्षरापाशी तिला आठवावं लागलं. ज्या नावासाठी तिने एकदा दार लावलं होतं, ते नाव तिने असं सोडून दिलं, आणि वही माझ्याकडे सरकवली. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

“बुधवारी तिला यातलं काही बोलू नका,” ती म्हणाली. “दोनच राहिलेत. तिचे तिला नीट करू द्या.”

खाली तपासणाऱ्याची सही लागते. ती मी केली.