चहाचा डाग

व्हिनेगरमध्ये बुडवलेलं पांढरं फडकं तिने गालिच्यावरच्या डागावर दाबलं, उचललं, पुन्हा दाबलं. घासायचं नाही, नुसतं टिपायचं, काठाकडून आत यायचं, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. घासावंसं मात्र फार वाटत होतं. गालिचा नव्हे, सासूबाईंचं नाक.

लग्न होऊन नुकतीच या घरात आली होती तेव्हा तिच्या हातून इथे चहा सांडला होता. तिने तो लगेच टिपून काढला, पण सकाळी पाहते तर डाग हजर. डाग असे खालून वर येतात, असं शेजारणीने सांगितलं आणि तिला ते पटलंही. तेव्हापासून घरात कुणी टेकलं की सासूबाईंचं बोट डागाकडे जायचं. हा आमच्या सूनबाईंचा पायगुण, म्हणायच्या. पाहुणे हसायचे, तीही हसायची आणि आत जाऊन भांडी आपटायची. नवरा समजूत घालायचा, मनावर घेऊ नकोस, आई थट्टा करते.

आज संध्याकाळी सासूबाईंची धाकटी बहीण येणार होती. बोट उठेल आणि बोटाखाली काहीच नसेल. त्या वेळचा सासूबाईंचा चेहरा तिला अगदी समोर बसून पाहायचा होता. गेले कित्येक दिवस ती त्या चेहऱ्यावरच जगत होती.

पण डाग ढिम्म हलेना. साबणाचं पाणी झालं, पुन्हा व्हिनेगर झालं, तरी फडकं पांढरंच. चहा असता तर थोडा तरी उतरला असता. शेवटी तिने औषधांच्या कपाटातलं स्पिरिट कापसावर घेतलं. कापूस लगेच तपकिरी झाला, तेलकट. तिने तो नाकाशी नेला.

बूटपॉलिश.

या घरात तपकिरी बूट एकच माणूस घालायचा. पूर्वी तो सोफ्यावर बसूनच, याच गालिच्यावर, ते चमकवायचा. तो चहा सांडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो आपणहून गॅलरीत जाऊन बसायला लागला, तेव्हा तिला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं.

आणखी थोडं टिपलं असतं तर डाग गेला असता. तिने बाटलीला बूच लावलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण हात अगदी शांत होते.

नवरा कामावरून आला आणि त्याने डाग निघाला का, म्हणून विचारलं. नाही निघत, ती म्हणाली, आणि त्यालाही सगळ्यांबरोबर चहाला बसायला सांगितलं.

मावशी आल्या. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि सासूबाईंचं बोट उठलं.

"हा बघ, आमच्या सूनबाईंचा..."

"आई, थांबा." तिने तो कापूस नवऱ्याच्या बशीत ठेवला. "आज हे सांगतील. मला सुरुवात माहीत नाही."

नवऱ्याने कापसाकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले. सासूबाईंनी वाकून बशीचा वास घेतला, मग मुलाकडे पाहिलं, बराच वेळ. बोट कधीच खाली आलं होतं.

"तू आज नीघ," त्या बहिणीला म्हणाल्या. "उद्या ये."

मावशी पर्स उचलून उठू लागल्या. तिने किटली त्यांच्या कपावर धरली.

"मावशी, बसा," ती म्हणाली. "चहा अजून आहे."