ज्योत्स्नाची सात गाणी

मी ज्योत्स्नाच्या गाण्यांचा अल्बम बोलतोय. तिचा पहिला, आणि तिनं एकटीनं गायलेला. माझ्यात सात गाणी आहेत.

माझ्याआधी बडनेऱ्यात एक बँड होता. ज्योत्स्ना आणि सुगत गायचे, आकांक्षा कीबोर्ड वाजवायची. जयंतीचे कार्यक्रम, कॉलेजची गॅदरिंग, नऊ वर्षं तिघं एकत्र उभी राहिली. मग आकांक्षा नोकरीसाठी पुण्याला गेली.

सुगत म्हणाला, "आता लग्नाच्या आर्डरी घेऊ. तुह्यी गानी कोन आयकते?"

"तुले लाज वाटते का माह्या गान्याइची?" ज्योत्स्नानं विचारलं.

तो निघून गेला. पुढच्या महिन्यात अकोल्याला त्याचा नवा ग्रुप सुरू झाला.

माझा जन्म राजापेठेतल्या लहानशा स्टुडिओत झाला. खाली शिकवणीच्या पोरांच्या गाड्या. हॉर्न वाजला की रेकॉर्डिंग थांबायचं. शाळेत शिकवून ज्योत्स्ना दुपारी यायची आणि सवयीनं माइकच्या एका बाजूला उभी राहायची. स्टुडिओवाले श्याम दरवेळी सांगायचे, "मधात ये, बाई. आता एकटीच हायेस."

मी इंटरनेटवर आलो. पहिलं गाणं बऱ्याच जणांनी ऐकलं, दुसरं थोड्यांनी. अंगठा सरकवून माणसं किती सहज निघून जातात, हे मला तेव्हा कळलं. तिची आई दुर्गाबाई मात्र भाकरी थापताना रोज मला लावायची.

एका रविवारी ज्योत्स्नानं मला पेनड्राइव्हमध्ये घालून अकोल्याला नेलं. सुगतनं तिच्यासमोरच मला लावलं. तिसरं गाणं संपलं आणि त्यानं बंद केलं.

"चांगलं झालं," तो म्हणाला. "माह्याबिगर झालं."

"पुढं आयक ना."

"आयकतो नंतर. हळदीचा प्रोग्राम हाये, निघा लागते."

पेनड्राइव्ह त्याच्याकडे राहिला. तिच्या मोबाइलमध्ये मी होतोच, पण परतीच्या गाडीत तिनं मला लावलं नाही. घरी आईनं विचारलं, "आयकलं का वं त्यानं?"

"आयकलं, माय. सारं."

ती खोटं बोलली. सातवं गाणं तिनं त्याच्यासाठीच लिहिलंय. त्यात तिच्या दोन ओळी झाल्या की दोन ओळींपुरता नुसता ठेका वाजतो. ती जागा सुगतची. श्यामांनी दुसरा गायक सुचवला होता, तिनं ऐकलं नाही.

आज मी सुगतच्या टेबलाच्या खणात आहे, संपलेल्या सेलांच्या शेजारी. चार महिने झाले. वर तो लग्नाची गाणी बसवतो. त्याचा आवाज अजून चांगला आहे.

सुगतभाऊ, माझी तक्रार नाही. तेवढी चार गाणी राहिली आहेत.