आठशे बारापैकी आठशे बारा

प्रयोगशाळेतला जुना सर्व्हर सायंकाळी पाच वाजता कायमचा बंद होणार होता. त्यावर निवृत्त तंत्रज्ञ मामांच्या सव्वीस वर्षांच्या चित्रफिती होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली दुभंगणाऱ्या पेशी; वर्षाच्या फोल्डरात महिना, महिन्याच्या फोल्डरात दिवस. त्यांचा फॉरमॅट फक्त त्याच सर्व्हरला वाचता येई. पाचच्या आत बदलून घेतल्या नाहीत, तर मामांच्या हाती नुसती नावं उरणार होती.

"मामा, सरक. दहा मिनिटांत स्क्रिप्ट लिहिते," संगणक अभियंता भाची म्हणाली.

"तू लिहिशील, ते सिद्धच आहे. माझं अजून व्हायचंय."

"हट्ट बघा म्हाताऱ्याचा!"

मामांची स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकमांची मालिका, सरळ होती. सगळ्या फोल्डरांत शिरून फायलींची यादी करायची, यादीतली एकेक ओळ वाचून ती फाइल नव्या फॉरमॅटात बदलायची, त्याच रचनेत नव्या डिस्कवर ठेवायची. पहिली फाइल झाली. पुढच्या नावांची मात्र सुरुवातीची अक्षरंच गायब, आणि अशी फाइल नाही म्हणून स्क्रिप्टने हात वर केले. दुपारचे दोन वाजले होते.

"सांगू?" भाचीला राहवेना.

"तोंडाला कुलूप लाव."

मामांनी अंदाज बांधला नाही, प्रयोग केला. तीनच नावांची यादी दिली, तरी पहिल्यानंतरची नावं कुरतडलेलीच. मग फायली बदलणारा प्रोग्राम वगळून नुसती नावं छापली. तिन्ही अखंड.

"म्हणजे चोर घरातलाच. कीबोर्डवरून हुकूम येईल म्हणून हा प्रोग्राम आ वासून बसतो, आणि त्याच वाटेने येणारी माझी यादी गिळतो."

त्यांनी प्रोग्रामला यादीऐवजी रिकामं इनपुट जोडलं. साडेचारला पडद्यावर आकडा आला: आठशे बारापैकी आठशे बारा.

"जिंकलास की रे!"

"संख्या जुळली. चित्रं जुळली का?"

दुसऱ्या छोट्या स्क्रिप्टने प्रत्येक जुन्या-नव्या जोडीची लांबी ताडून पाहिली. एक जोडी अडली. जुनी फाइल स्वतःला तीस सेकंदांची म्हणवत होती, नवी सव्वीसच भरली. मामांनी त्या दिवसाची नोंदवही उघडली. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: सव्विसाव्या सेकंदाला वीज गेली.

"म्हणजे थाप जुनीच मारत होती," मामा म्हणाले आणि वही मिटली.

पाचला सर्व्हरचा पंखा थांबला. भाची तोवर फोनवर होती. "आई, तुझ्या भावासारखा माणूस आमच्या अख्ख्या ऑफिसात नाही गं!"

एका ऑफिसाचा नमुना फारच लहान आहे, असं मामांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि ताठ मानेने चष्मा पुसत बसले.