पहिल्या रेघेवर आलेलं ऊन

काचवाल्याच्या घरात शाळा भरायची ती उन्हाबरोबर. सकाळी ऊन ओट्यावर असायचं, तेव्हा ओट्याशी गणित. दुपारी ते मधल्या खोलीत फरशीवर यायचं, तेव्हा तिथे बाकीचं सगळं. आभाळ भरून आलं की वह्या मिटून पडल्या पडल्या गोष्टी सांगायच्या. हा सगळा कारभार मुंगीच्या आईचा. मुंगी म्हणजे काचवाल्याची नऊ वर्षांची मुलगी. घरातली प्रत्येक वस्तू उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायची तिची खोड, म्हणून बापाने हे नाव ठेवलेलं.

आई आजारी पडली तेव्हा काचवाल्याने तिची खाट मधल्या खोलीत आणली, खिडकीसमोरच्या भिंतीला. दिवस लहान होऊ लागले होते. दुपारचं ऊन हळूहळू आत सरकत होतं आणि आई पडून ते बघत असायची. एकदा तिने मुंगीला सांगितलं, "बाबांची पांढरी पेन्सिल आण गं." काचेवर खुणा करायची ती मेणाची पेन्सिल. ऐन दुपारी उन्हाची कड फरशीवर जिथे संपली, तिथे मुंगीने रेघ ओढली आणि त्या आठवड्यात जे शिकवलं त्याचं नाव रेघेच्या टोकाला लिहिलं. मग दर आठवड्याला एक रेघ. सावली. भागाकार. झाडांची मुळं. पक्ष्यांची झोप. रेघा खिडकीकडून खाटेकडे येत राहिल्या.

"ऊन तुझ्या अंगावर येईल का गं?" मुंगीने विचारलं होतं.

"खाटेच्या पायाशी येऊन थांबेल. मग आल्या वाटेने परत जाईल. एकेका रेघेवर पाय देत."

ऊन खाटेच्या पायाशी आलं आणि थांबलं, त्याच दिवसांत आई गेली.

काचवाल्याला वाटलं, पोरगी आता या खोलीत पाऊल टाकायची नाही. पण ऊन मागे फिरलं आणि शेवटच्या रेघेवर आलं, तशी मुंगी तिथे जाऊन बसली. रेघेवरचं नाव वाचलं आणि आईने जे जे सांगितलं होतं ते पहिल्यापासून बोलायला लागली. आईचे प्रश्न आईच्या सुरात, आपली उत्तरं आपल्या सुरात. मध्येच, "लक्ष कुठंय तुझं?" असंही स्वतःलाच म्हणायची. दुपारी काचवाला खालच्या दुकानातून वर यायचा, उंबऱ्यात ताट घेऊन बसायचा आणि ऐकायचा. जेवणाने डोळे जड व्हायचे. खोलीत पिवळा उजेड भरलेला, त्यात धुळीचे कण तरंगत असायचे, आणि खोलीत एकच माणूस बोलतंय की दोन, हे त्याला कळेनासं व्हायचं. कळून घ्यायची त्याला घाईही नव्हती. फरशी पुसताना तो रेघा सोडून पुसायचा. झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये तसं.

अशात नवा नियम आला. ज्या घरात मुलांना घरीच शिकवतात, त्या घराने शिकवण्यासाठी वेगळी खोली ठेवायची, तास ठरवायचे, शिकवणाऱ्याचं नाव कळवायचं. तपासनीस दर महिन्याला येऊन बघणार. शिकवणारं कुणी नसेल तर मूल पुढच्या महिन्यापासून सरकारी शाळेत.

त्या भागात मुलांना घरी शिकवणारी काही घरं होती. सगळे बेकरीच्या मागच्या खोलीत जमले. भट्टी नुकतीच विझली होती, भिंती कोमट होत्या. बेकरीवाल्या काकूंनी आपल्या तीन पोरांना पीठ मोजायला लावून अपूर्णांक शिकवले होते. त्या पदराने वारा घेत म्हणाल्या, "आज विचारतायत कुठल्या खोलीत शिकवता. उद्या विचारतील पोराला कुठल्या कुशीवर झोपवता."

"मी आयुष्यभर लोकांची दारं वाजवलीत," पोस्टमन म्हणाला. त्याची जुळी पोरं घरीच शिकत होती. "पत्र दारात द्यायचं नि वळायचं. आत काय शिजतंय हे हुंगायला कधी गेलो नाही."

"तुम्ही नाही गेलात? आमच्याकडे गरम बिस्किटांच्या वासाला रोज थांबता की!"

सगळे हसले. मग काकू काचवाल्याकडे वळल्या. "भाऊ, ती तपासनीस बाई पहिली तुमच्याकडे येणार. तुमचंच दार कच्चं आहे. वाईट वाटून घेऊ नका, पण शिकवणारी गेली म्हणजे मूल उघड्यावर, असंच ते धरणार. तुम्ही आपलं नाव सांगून मोकळे व्हा. मुलीलाही पढवून ठेवा. कोण शिकवतं? बाबा. संपलं."

काचवाल्याने मान हलवली. त्याला बोलायची सवय नव्हती. ते काम बायकोचं होतं. घरी येताना त्याने मनात घोकून बघितलं, मी शिकवतो, मी शिकवतो. ते त्याच्या तोंडात बसेना. तिचं नाव काढून तिथे आपलं घालायचं, म्हणजे तिला आपल्याच हाताने दुसऱ्यांदा घराबाहेर काढायचं, असं त्याला वाटलं. आणि तो काय शिकवणार? त्याला काच कापता येत होती.

मुंगीला तो काहीच बोलला नाही. चूक झाली ती इथेच.

तपासनीस बाई आल्या त्या दिवशी आभाळ पांढुरकं होतं. चढून आल्याने त्यांना धाप लागली होती. काखेत फाइल, पायात घट्ट बूट.

"मुलीची अभ्यासाची खोली दाखवा."

"आत्ता ऊन कुठे आहे ते बघावं लागेल," मुंगी म्हणाली आणि त्यांचं बोट धरून त्यांना मधल्या खोलीत घेऊन गेली. "अजून आलेलं नाही. तुम्ही बसा. बूट काढा, नाहीतर रेघा पुसल्या जातील."

बाईंनी काचवाल्याकडे पाहिलं. काचवाला खाली बघत होता. मग त्यांनी बूट काढले आणि खाटेवर बसल्या. बसताच त्यांच्या तोंडून 'हुश्श' असा आवाज निघाला.

"खिडकी धुळीने भरलीय," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही तर काचेचं काम करता."

"हो. ही राहिलीय." खालच्या कोपऱ्यात बायकोची बोटं उमटलेली होती, म्हणून राहिली होती. ते त्याने सांगितलं नाही.

"अभ्यास किती तास?"

"आता रोज थोडा थोडा वाढतोय," मुंगी म्हणाली. "थंडीत फार कमी होता."

"आणि तुला शिकवतं कोण?"

"आई."

बाईंचा हात थांबला. खाली रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"तिची आई..." बाई हळूच म्हणाल्या.

"गेली," काचवाला म्हणाला.

"मग मुलगी असं का म्हणते?"

आता सोपं होतं. लहान आहे, चुकून बोलली, मीच शिकवतो, एवढं म्हटलं की झालं. मुंगी त्याच्याकडे बघत होती. तिला कसली भीती नव्हती. बाबाला हे ठाऊकच आहे, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

"ती बरोबर बोलतेय," काचवाला म्हणाला.

बाईंनी सुस्कारा सोडला. "अहो, असं लिहिलं तर मला पुढचंही लिहावं लागेल. घरात शिकवणारं कुणी नाही. पहिल्या तारखेपासून ही शाळेत. मला हौस नाहीय. शाळा काही वाईट जागा नसते."

"शाळेला कुणी वाईट म्हणत नाही."

"मग अडचण काय आहे?"

तेवढ्यात ढग बाजूला झाला. धुळकट काचेतून ऊन फरशीवर उतरलं, आधी फिकट, मग दूध तापत जावं तसं भरत गेलं. मुंगी उठून खिडकीपाशी गेली. उन्हाची कड खिडकीजवळच्या रेघेकडे सरकत होती. त्या रेघेपलीकडे, खिडकीच्या बाजूला, फरशी कोरी होती.

"ही पहिली रेघ आहे," ती बाईंना म्हणाली. "म्हणजे आता शेवटची. 'सावली.' आई म्हणाली होती, माणूस चालतं तेव्हा सावली चालत नाही, उजेड तिला वाट करून देतो. मग मी विचारलं, रात्री ती कुठे जाते? मग आई म्हणाली, रात्री सगळं जगच एका मोठ्या सावलीत झोपतं. म्हणजे कुणाचीच हरवत नाही."

बाई ऐकत होत्या. ऊन त्यांच्या पायांवर नव्हतं, तरी त्यांनी पाय पसरले, ऊन खायला बसल्यासारखं. त्यांचे डोळे अर्धे मिटले. काचवाला उंबऱ्यात होता. खोली पाण्याखाली असल्यासारखी शांत होती आणि त्याला वाटलं, खाटेवर कुणीतरी आहे, ऐकतंय, आत्ता म्हणेल, लक्ष कुठंय तुझं?

मुंगीचं बोलणं संपलं. उन्हाची कड रेघेला टेकली होती.

"बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला. "पुढच्या आठवड्यात ऊन इकडे येईल. इकडे काहीच लिहिलेलं नाही."

हे तिला किती दिवसांपासून ठाऊक होतं, कोण जाणे. काचवाल्याच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. तो रोज ऐकत होता, त्याला वाटत होतं हे असंच चालणार. तो उठला. खिशात ती पांढरी पेन्सिल होती, नेहमीच असायची. तो मुलीशेजारी उकिडवा बसला.

"बाई," तो खाली बघतच म्हणाला, "लिहा. आजपर्यंत हिची आई शिकवत होती. आजपासून मी."

"दोन नावांना जागा नाही हो."

"मग जागा करा. एकटं माझं लिहाल तर खोटं होईल."

बाईंनी फाइलवर पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग बारीक अक्षरात कडेने काहीतरी लिहिलं. "बरं. शिकवणारं कुणीतरी आहे, मुलगी घरीच राहील. आता वेगळी खोली, ठरलेले तास आणि महिन्याची तपासणी, याला तुमची संमती. इथे सही."

"ती नाही करणार."

"अहो!"

"मी लोकांच्या घरात खिडक्या बसवतो, बाई. त्यांची माणसं, त्यांचे पसारे, भांडणंसुद्धा दिसतात. काच बसली की मी निघतो. मी बसवलेल्या काचेतून परत आत बघायला जात नाही. मुलीला काय येतं ते विचारा, कधीही विचारा, ती सांगेल. पण कुठल्या खोलीत, किती वाजता, ते आमचं घर ठरवेल." एवढं एका दमात तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. त्याचे कान तापले.

"मग सुनावणी होईल. ऑफिसात यावं लागेल."

"येईन. बेकरीवाल्या काकूही येतील."

"त्यांच्याकडे उद्या जायचंय मला," बाई घाबऱ्याघुबऱ्या होऊन म्हणाल्या. "फार बोलतात का?"

"फार. पण बिस्किटं देतात."

बाईंना हसू आलं. त्यांनी बूट हातात घेतले आणि खोलीच्या दारापर्यंत रेघा चुकवत, अनवाणीच गेल्या.

त्या गेल्यावर मुंगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला काय शिकवता येतं?"

"काच कापता येते."

"मग ते शिकवा."

"हात कापून घेशील."

"आई म्हणायची, तुमचा हात कधीच कापत नाही. का कापत नाही?"

काचवाला विचार करायला लागला. त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. काच कापत नसतात, तिच्यावर नुसती एक रेघ मारतात. मग ती आपणहून रेघेवर वेगळी होते, फक्त घाई करायची नसते. हे सांगायला त्याला बराच वेळ लागला, अडखळत, मागे-पुढे करत. मुंगी गुडघ्यावर हनुवटी टेकवून ऐकत होती.

"लक्ष आहे ना?" त्याने विचारलं.

पुढच्या आठवड्यात, सुनावणीचा दिवस अजून कळायचा होता तेव्हा, ऊन कोऱ्या फरशीवर आलं. मुंगीने रेघ ओढली आणि पेन्सिल बापाच्या हातात दिली. त्याचं अक्षर वाईट होतं. त्याने रेघेच्या टोकाला सावकाश लिहिलं, 'काच.'