हिरव्या दिव्यातला बिबट्या

हसू नका राव, पण बोरी बुद्रुकच्या पलीकडं एक वस्ती आहे, तिथं दोन हजार तीन साली बिबट्या आलाय की नाही, हे दिवा ठरवायचा. बांधावर खांब, खांबावर पेटी, पेटीत कंप्युटर आणि वर दिवा. लाल लागला की घरात बसायचं, हिरवा असला की खुशाल शेतात जायचं. पहिल्या महिन्यात तो दोनदा खरा बोलला, झालं, वस्ती त्याच्या भजनी लागली. सरपंच सावळेरामनं तर ठरावच केला: दिवा लाल नसताना कुणी 'बिबट्या आला' म्हणून ओरडायचं नाही, पूर्वीसारखे डबे बडवायचे नाहीत. उगाच घबराट होते म्हणे!

मग गोजरबाईची शेळी बिबट्यानं नेली, तीही दिवा हिरवा असताना. तिच्या भरपाईच्या अर्जावर सावळेरामनं शेरा मारला, 'शेळी जिवंत समजावी.' गोजरबाईनं कपाळावर हात मारला. तिचा नवरा गेणभाऊ मात्र म्हणाला, "यील गं चरून." धन्य तो माणूस!

आठवड्यानं गेणभाऊ उसाच्या कडेला वाकून गवत कापत होता. भाकरी घेऊन आलेली गोजरबाई बांधावर, खांबाशी पोचली आणि जागीच थिजली. नवऱ्याच्या मागं, उसाच्या तोंडाशी बिबट्या दबा धरून बसला होता. ठराव गेला चुलीत!

"अवं, पळा! मागं बिबट्या!"

गेणभाऊनं मान वर केली. मागं नाही बघितलं, दिव्याकडं बघितलं.

"हिरवा हाय की," म्हणाला, आणि पुन्हा वाकला.

आजूबाजूच्या रानातल्या लोकांनीही दिवा बघितला आणि आपापल्या कामाला लागले. बिबट्या पोटावर सरकत पुढं आला. गोजरबाईनं भाकरीचं फडकं टाकलं, धोंडा उचलला आणि दिव्यावर हाणला.

"आरं, दिवा फोडला तिनं!" शेजारच्या रानातनं कुणीतरी बोंब ठोकली.

मग बघा पळापळ! कोयते, काठ्या घेऊन सगळं शिवार तिच्यावर धावून आलं. सगळ्यात आधी उठला तो गेणभाऊ. बिबट्यानं झेप टाकली, पण पंजा सदरा फाडून पाठीला नुसता ओझरता लागला. तो गलका ऐकून जनावर उसात पसार झालं.

दुपारी खांबापाशीच सभा बसली. गेणभाऊ फाटक्या सदऱ्यात उभा. पाठीवरच्या ओरखड्यांना गोजरबाईनंच हळद भरली होती.

"गेणभाऊ, खरं सांग," सावळेराम म्हणाला, "बिबट्या व्हता का?"

गोजरबाई नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली. गेणभाऊनं बोडक्या खांबाकडं नजर टाकली आणि पाठ खाजवली.

"आता दिवाच न्हाई राव. मी कशावरनं सांगू?"

सगळ्यांना ते पटलं. नवा दिवा मागवायचं ठरलं.

गोजरबाईला लई रडू आलं. घरी जाऊन तिनं रॉकेलचा रिकामा डबा शोधून काढला. दुसऱ्या दिवशी गेणभाऊ गवताला वाकला, तेव्हा ती त्याच्या पाठीशी डबा घेऊन उभी होती, उसाकडं तोंड करून.